लाईट आहे तोवर

तासगाव तालुक्यात ज्याची द्राक्षबाग आहे, त्याच्या घरातले दिवस लाईटवर ठरतात. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ती आली की पुढ्यातलं ताट सारून माणूस मोटर चालू करायला उठतो, कारण आलेली लाईट किती वेळ टिकेल हे कुणी सांगू शकत नाही. लहानपणी रात्री दोनला आप्पांची, माझ्या वडिलांची, बॅटरी अंगणातून बांधाकडे सरकत जाताना मी अंथरुणातून बघायची. पाण्याची पाळी चुकवलेले आप्पा मला आठवत नाहीत.

२०१८ साली आप्पांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, असल्याचं निदान झालं आणि लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा त्यांचं वय ६३. पहिली दोन-तीन वर्षं गोळ्यांनी असं काम केलं, की पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळत नसे. मग गोळी कमी वेळ टिकायला लागली. घेतल्यावर पाऊण तासाने अंग मोकळं होतं, अडीच-तीन तास माणूस आपला असतो, आणि मग हात जड, पाय जड, आवाज खोल गेलेला. पुढची गोळी चढेपर्यंत तसंच. डॉक्टर याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. त्यांनी कागदावर रेघा काढून ते समजावलं, तेव्हा आप्पा बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हंजी शेतीची लाईटच की वो ही. आली की मोटर चालवायची, गेली की गप बसायचं.”

तेव्हापासून आमच्या घरात कुणी ‘बरं वाटतंय का’ असं विचारत नाही. “आप्पा, लाईट आली का?” असंच विचारतात.

सुरुवात कात्रीपासून झाली होती. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून नवी काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, तिच्यावर वर्षाचं पीक ठरतं. काडीवर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, असतात आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या डोळ्यात घड आहे, हे काप घ्यायच्या आधी कळावं लागतं. आता काड्या कापून प्रयोगशाळेत देतात, तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आप्पा काडीची जाडी, पेरातलं अंतर आणि सालीचा रंग बघून सांगायचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेला हा माणूस. बाग लावली ती नंतर, कर्ज काढून, आणि पाऊस नसलेल्या वर्षी टँकरच्या पाण्यावर जगवली. त्यांच्या कात्रीचा आवाज चार माणसांत वेगळा ओळखू यायचा. एका लयीत, न थांबता, ओळ संपेपर्यंत.

२०१६ च्या फळछाटणीत तो आवाज बिघडला. पहिले दहा-बारा काप नेहमीसारखे पडायचे, मग कात्री कमी कमी उघडायची आणि शेवटी हात थबकायचा. थोडं थांबलं की पुन्हा दहा-बारा काप. आप्पांनी कात्रीची स्प्रिंग बदलली, तेल घातलं, शेवटी नवी कात्री आणली. त्याच सुमाराला उजवा खांदा दुखायला लागला. एका डॉक्टरांनी खांदा आखडल्याचं सांगितलं, एकांनी मानेचा मणका, आणि एकांनी वय झालं म्हणून सोडून दिलं. मिरज आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना उभा केला, तेव्हापासून कर्नाटकातून माणसं उपचाराला मिरजेला येतात. आणि आम्ही शेजारी राहून दोन वर्षं खांद्याला शेक देत बसलो. मला यात कुणाला बोल लावायचा नाही. हा आजार येताना स्वतःचं नाव सांगत नाही, वयाचंच नाव सांगतो.

त्या दोन वर्षांत एकदा पीककर्जाच्या कागदावरची आप्पांची सही जुळत नाही म्हणून एका बँकेने ते परत पाठवले. खिडकीपलीकडच्या माणसाने रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “सही तुमचीच आहे ना?” आप्पांनी पुन्हा केली, आणखी बारीक आली. तिसऱ्यांदा केली, तर मुंग्यांच्या रांगेसारखी ओढत गेली. घरी येऊन त्यांनी माझ्या भाच्याची वही घेतली आणि रात्री उशिरापर्यंत स्वतःचं नाव लिहीत बसले. ती वही वहिनीने मला नंतर दाखवली. प्रत्येक ओळीत पहिलं अक्षर मोठं, शेवटचं वाचता न येण्याइतकं लहान.

शेवटी ज्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी खांद्याला हातही लावला नाही. अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर टेकवायला सांगितली. बोटं आधी चांगली फाकली, मग अंतर कमी होत गेलं, मग चिकटल्यासारखी थांबली. “कात्रीचं असंच हुतंय,” आई पटकन बोलून गेली. मग डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. वास येतो का? झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात का? अक्षर बारीक झालंय का? आईने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मी आधीच सगळं सांगून ठेवलंय. मी काहीच सांगितलं नव्हतं. वासाचं तर मलाच माहीत नव्हतं.

वासाची गोष्ट आईने त्या दिवशी सांगितली. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. तिथे नवखा माणूस आत पाऊल टाकताच नाक दाबून बाहेर पळतो. आप्पा कितीतरी वर्षं त्या शेडमधून असे फिरत होते, जणू काही जळतच नाहीये. सवय झाली असेल, असं सगळ्यांना वाटलं. आणि झोपेत ते बैल आवरायचे. “हाऽ, हाऽ” करत एकदा आईच्या खांद्यावर एवढा जोराचा हात बसला की तिला दोन दिवस कळशी उचलता आली नाही. हे सगळं कंप दिसायच्या आधी कित्येक वर्षं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या ज्या पेशी डोपामाइन हे हालचालींना लागणारं रसायन तयार करतात त्या हळूहळू मरतात आणि बाहेर लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या कितीतरी गेलेल्या असतात. परतताना गाडीत आई एकच वाक्य बोलली, “वास येत न्हवता तर एवढी वर्सं माझी भाजी चांगली झालीया म्हणून कसं सांगत हुते?”

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ मध्ये या आजारावर पहिलं सविस्तर टिपण लिहिलं. त्यात सहा माणसं होती आणि त्यातली काही त्याने फक्त रस्त्यावरून जाताना बघितलेली. चालण्यावरून, वाकलेल्या पाठीवरून त्याने ओळखलं. हे वाचल्यापासून मी सांगलीत एसटी स्टँडवर, मंडईत, गणपती मंदिराच्या आवारात माणसांची चाल बघते. एक हात हलतो आणि एक हात अंगाला चिकटलेला असतो, पावलं आखूड पडतात, अशी माणसं मला आता दिसतात. बरोबरची पोरं त्यांना म्हणत असतात, “बाबा, पाय उचला की.” कधीकधी पुढे होऊन बोलावंसं वाटतं. दोनदा बोललेही आहे.

आता जे सांगायचं आहे, ते मला कठीण जातं.

कंपवाताचा कंप उलटा असतो. म्हातारपणी काही जणांचा हात पेला उचलताना थरथरतो, तो प्रकार वेगळा. कंपवातात हात मांडीवर निवांत टेकवला की थरथरतो, आणि त्याच हाताने काही धरलं, काही करायला घेतलं, की थरथर कमी होते, कधी थांबतेही. विसाव्यात हलणारा आणि कामात शांत होणारा हात. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, आणि तरी आम्ही सगळ्यांनी मिळून आप्पांना बसवलं.

उगाच बसवलं नव्हतं. एका रात्री लाईट आली म्हणून आप्पा कुणाला न उठवता मोटरीकडे गेले आणि बांधावर त्यांचे पाय जमिनीला खिळले. पुढे टाकता येईना, मागे घेता येईना. हाक मारायला आवाज निघेना. दादा शोधत गेला तेव्हा ते तसेच उभे होते, हातात बॅटरी, धोतर दवाने भिजलेलं. किती वेळ उभे होते ते त्यांनाही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दादाने मोटरीच्या पेटीला कुलूप घातलं. मग कात्री खुंटीला गेली. मग दादाने पडवीत बाज टाकली, समोर टीव्ही लावला, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच बोलायला लागला. “लई केलंसा आप्पा आयुष्यभर, आता बसा निवांत.” मीसुद्धा तेच म्हणायचे. दर रविवारी सांगलीहून फळं घेऊन जायचे आणि म्हणायचे, “आप्पा, आता आराम करा.”

आणि बाजेवर आराम करताना त्यांचा हात दिवसभर थरथरायचा. पडवी रस्त्यालगत. जाणाऱ्याची नजर आधी हातावर, मग तोंडावर. तोंडावर काही दिसायचं नाही, कारण या आजारात चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, हसू आतल्या आत राहतं. लोकांना वाटायचं, आप्पा रागावलेत. माणसं यायची कमी झाली. एका रविवारी मी गेले तर आप्पा उजवा हात मांडीखाली दाबून, त्यावर बसले होते. “मुंग्या येतील की आप्पा,” मी म्हटलं. ते म्हणाले, “येऊं देत. दिसत तर न्हाई.”

ते कमी जेवायला लागले. रात्र रात्र जागे राहायचे. या आजारात उदासपण आजारातूनही येतं, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला वाटत होतं, आजार वाढलाय.

त्यातून वाट आईने काढली. तिने कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. एका सकाळी बेदाण्याचं अर्धं सूप त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बेदाणा निवडणं म्हणजे देठ काढायचे, काळा-पिवळा वेगळा करायचा, हिरवा लांब मणी एकीकडे. आप्पा काही वेळ सुपाकडे बघत राहिले. मग बोटं आत गेली. मी तेव्हा तिथे नव्हते, वहिनीने सांगितलं, “ताई, मी भाकरी थापत बघत हुते. हात थांबला मामांचा. एकदम थांबला.”

हे गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. तासाभरात दोन मुठी बेदाणा व्हायचा, बाईमाणूस तेवढ्यात डबाभर निवडते. गोळी उतरली की बोटांच्या चिमटीत मणी यायचा नाही. एकदा त्यांनी सूप भिरकावलं होतं आणि पडवीभर पसरलेला बेदाणा आईने वाकून वाकून गोळा केला होता. पण मांडीखालचा हात बाहेर आला तो आलाच.

त्यानंतर घराने बऱ्याच गोष्टी शिकून घेतल्या. सकाळी उठल्याबरोबर दुधाचा चहा हा आमच्या घरातला न मोडणारा नेम होता, तो मोडला. दूध, डाळ, अंडी, मटण यातली प्रथिनं लेव्होडोपाच्या आड येतात, म्हणून गोळी आधी पाण्याबरोबर आणि चहा पाऊण तासाने. सातला, अकराला, तीनला, सातला गोळी. डाळ-उसळ रात्रीच्या जेवणात ढकलली. बशीतून चहा प्यायचा आप्पांचा रिवाज सुटला, त्याचं त्यांना फार लागलं. दांड्याच्या जड कपातून प्यायलेला चहा चहा नव्हे, असं त्यांचं अजून मत आहे, आणि ते खरं असावं. सदऱ्याची बटणं वहिनीने वरून तशीच ठेवली, आतून चिकटपट्टी शिवली. धोतर जाऊन इलॅस्टिकचा पायजमा आला. तो बदल त्यांनी कसा स्वीकारला असेल, याचा विचार मी करत नाही.

अंथरुणात कूस वळता येत नाही, ही या आजारातली कुणाच्या लक्षात न येणारी अडचण. माणूस ओंडक्यासारखा पडून राहतो, कुणीतरी वळवावं लागतं. आईने तिची एक जुनी नायलॉनची साडी घडी घालून चादरीच्या मधल्या भागावर टाचली. कापड गुळगुळीत, त्यावर कंबर सरकते. परदेशात यासाठी सॅटिनच्या चादरी वापरतात, हे मी वाचलं तेव्हा ती साडी टाकून आईला वर्ष झालं होतं.

उंबरठ्याचं मात्र कुणाला सुचत नव्हतं. मोकळ्या अंगणात आप्पा चालायचे, पण दार आलं, अरुंद जागा आली की पाय चिकटायचे. आणि गंमत म्हणजे बागेत दोन ओळींच्या मधून ते सरळ चालत जायचे. एकदा डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, “तिथे जमिनीवर काय असतं?” काय असणार? ठरावीक अंतरावर खोड, ठरावीक अंतरावर मांडवाचा लोखंडी अँगल. ते म्हणाले, तेच कारण. समोर ठरावीक अंतरावर खुणा असल्या की पावलाला ओलांडायला काहीतरी मिळतं. दादाने त्याच संध्याकाळी पांढरा ऑइलपेंट आणला आणि पडवीपासून न्हाणीपर्यंत फरशीवर हात-हातभर अंतराने आडवे पट्टे मारले. घर बागेसारखं आखलं गेलं. पाहुणे विचारतात, हे काय? आम्ही सांगतो.

आणि टाळ. आप्पा माळकरी, पंचवीसएक वाऱ्या पायी झालेल्या. एकदा उंबऱ्यात अडकले असताना भाच्याने, खेळता खेळता, देवघरातले टाळ वाजवले आणि आप्पांचा पाय उचलला गेला. ठेक्यावर पाऊल पडतं, हे डॉक्टरांनाही माहीत होतं, त्यांनी मोबाईलवर ठोके लावायला सांगितलं होतं. पण मोबाईलच्या ठोक्यावर आप्पा चालत नाहीत. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणत आई टाळी वाजवते, त्यावर चालतात. संध्याकाळी हरिपाठ मोठ्याने म्हणणं हा त्यांच्या आवाजाचा व्यायाम आहे. पूर्वी बागेच्या या टोकाची हाक त्या टोकाला पोचायची. आता हरिपाठ पडवीतून स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. पोचला की आई आतून “रामकृष्णहरी” म्हणते, म्हणजे त्यांना कळतं.

आईबद्दल लिहिताना मला थांबावं लागतं. ती ६६ वर्षांची आहे. तिचे गुडघे झिजलेले आहेत, तिला चौदा वर्षं मधुमेह आहे. रात्री ती तीनदा उठते. आप्पांना कूस वळवायला, लघवीला न्यायला, आणि कधी नुसतंच ते नीट झोपलेत का बघायला. गेल्या वर्षी तिची तीन महिन्यांची साखर तपासली तेव्हा ती नऊच्या वर निघाली. मी विचारलं, गोळ्या घेत नव्हतीस का? घ्यायची, आठवण झाली की. चार वेळा गजर लावून दुसऱ्याला गोळी देणारी बाई स्वतःची गोळी विसरत होती. आमच्या घरात एक रुग्ण आहे असं आम्ही सात वर्षं म्हणत होतो. दोन होते. दुसरा उभा होता म्हणून आम्ही मोजला नाही. आता महिन्यातून एक आठवडा मी रजा जोडून गावी जाते आणि रात्री आप्पांच्या बाजेशेजारी मी झोपते. पहिल्या रात्री आई शेजारच्या खोलीत असूनही तीनदा उठून आली. आता एकदाच येते.

एक प्रश्न मला सोडत नाही. द्राक्ष हे फवारणीचं पीक. दावण्या, भुरी असे वेलीचे रोग, पाऊस पडला की फवारा, ढग आले की फवारा. आप्पांनी पाठीवरच्या पंपापासून फवारलंय, उघड्या हातांनी, टिपाडात काठीने औषध ढवळून. बांधावरच्या तणावर पॅराक्वाट मारलंय. तोंडाला कधी टॉवेल, कधी तोही नाही. ते कपडे आईने हाताने धुतलेत. पॅराक्वाटसारख्या रसायनांच्या संपर्कातल्या शेतकऱ्यांमध्ये हा आजार जास्त दिसल्याचं परदेशातल्या अभ्यासांत आलेलं आहे, युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, “एका माणसाला कशामुळे झाला हे कुणालाच सांगता येत नाही. आयुष्यात शेत न बघितलेल्यांनाही होतो.” हे मला मान्य आहे. पण दादा आता हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय टिपाडाला हात लावत नाही, आणि तो विसरला तर आप्पा बाजेवरून खुणेने दाखवतात. त्या खुणेत काय असतं, ते आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही.

२०१९ च्या महापुरात आम्हाला गोळीची खरी किंमत कळली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आप्पांच्या गोळ्या मी सांगलीतून न्यायची, ती दुकानं पाण्याखाली. गाव कोरडं, पण गोळ्या दोन दिवसांच्या. कुणालाही न सांगता आप्पांनी त्या अर्ध्या अर्ध्या करून पुरवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी त्यांचं अंग लाकडासारखं ताठलं, घोट गिळता येईना. दादा विट्याला जाऊन गोळ्या घेऊन आला. हे औषध एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आता देवघराच्या फळीवर महिन्याच्या गोळ्या जादा असतात.

त्याच्या उलटही एकदा झालं. एका नातेवाइकाने प्रेमाने खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं. त्या बीमध्ये लेव्होडोपा खरंच असतं, आपल्या जुन्या वैद्यांनी ते वापरलेलं आहे. पण किती असतं ते चमच्याने मोजता येत नाही. वर डॉक्टरांच्या गोळ्या चालूच. आठवड्यात आप्पांची मान आणि खांदे आपोआप वेडेवाकडे वळायला लागले, बसल्या जागी वेल वाऱ्यावर हलावा तसे. चूर्ण बंद केल्यावर शमलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे, तिच्यात पार्किन्सन्स आहे. दाखला काढावा म्हणून आम्ही एका तपासणीला गेलो. सकाळी सातची गोळी वेळेवर घेतलेली, नऊला नंबर लागला. आप्पा आत चालत गेले, बटण लावून दाखवलं, खुर्चीवरून उठून दाखवलं. समोरच्या माणसाने कागदावर थोडंसं काहीतरी लिहिलं. “हे अकराला बघा,” मी म्हटलं. त्यांच्यामागे साठ माणसं उभी होती. मला त्यांचीही अडचण कळत होती. बाहेर बाकावर बसलो आणि साडेदहाला आप्पांना उठवायला मला आणि दादाला दोघांना लागावं लागलं. मी आत बघितलं. दार बंद होतं.

गेल्या फळछाटणीला आप्पा बागेत आले. छाटणीला टोळी असते, एकरावर ठरवलेली, पोरं तरुण आणि घाईची. दादाने आप्पांसाठी प्लॅस्टिकची खुर्ची ओळीत ठेवली. प्रयोगशाळेचा कागद दादाच्या खिशात होता, पण प्रत्येक काडी कागदासारखी नसते. सावलीतली बारीक, कडेची जाड. आप्पांनी खुर्चीत बसून हात वर केला, काडी धरली. हात स्थिर. काहीतरी बोलले. पोरांना ऐकू गेलं नाही. एक जण जवळ आला, वाकला, कान त्यांच्या तोंडाशी नेला. “ह्यो वांझ हाय. म्होरला धर.” त्याने पुढच्या डोळ्यावर काप घेतला. मग दुसरा आला वाकून. दुपारपर्यंत सगळ्या टोळीला सवय झाली, अडलं की आप्पांच्या तोंडाशी कान न्यायचा.

पावणेबाराला त्यांनी कात्री मागितली. दादाने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आईने खुंटीवरची आणून ठेवलेली होती, पदराखाली. आप्पा उठले, ओलांड्याखाली, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीखाली, उभे राहिले आणि छाटायला लागले. तो आवाज मी आठ वर्षांनी ऐकत होते. पहिल्यासारखा नव्हता. दहा काप, थांबा. आठ काप, थांबा. थांबा आला की ते हात खाली सोडायचे, दोन श्वास घ्यायचे, आणि पुन्हा. एक ओळ व्हायला सव्वा तास लागला. टोळीतल्या पोरांनी तेवढ्यात पाच ओळी केल्या, पण त्या ओळीत कुणी शिरलं नाही. शेवटच्या वेलीपाशी कात्री अर्धीच उघडली, मिटली, उघडली नाही. “गेली लाईट,” आप्पा म्हणाले आणि कात्री भाच्याच्या हातात दिली. त्या ओळीला घड चांगले आले. इतर ओळींनाही चांगले आले होते.

यंदा पाऊस लांबलाय, त्यामुळे छाटणीची तारीख मागेपुढे होतेय. परवा दादाचा फोन आला, काड्या तपासणीला द्यायच्या आहेत, दोन दिवसांत दिवस ठरेल. मागून आप्पांचा आवाज येत होता, मला शब्द कळत नव्हते. दादाने ऐकून सांगितलं. सकाळी ऊन कोवळं असतं, तेव्हा काम बरं होतं. छाटणीच्या दिवसांत सातची गोळी साडेपाचला घेतली आणि पुढच्या त्या हिशोबाने सरकवल्या तर चालेल का, हे मी डॉक्टरांना विचारून ठेवायचं आहे. आणि आईच्या गोळ्या संपत आल्यात, येताना त्याही आणायच्या आहेत.

उद्या दवाखाना उघडला की फोन करते.